टाकीचा उतार

दाराशी पोचताच तिने विस्कटलेले केस सारखे केले, ओठांवर रेंगाळलेलं हसू पुसलं आणि मगच दुधाची पिशवी घेऊन ती आत शिरली.

शुगरमुळे नवऱ्याचा पाय कापावा लागला, तेव्हा दवाखान्यातून घरी आल्या आल्या ते म्हणाले होते, "माझी सायकल देऊन टाक कुणाला तरी. बघवत नाही." दिली, असं तिने सांगितलं, ठेवली मात्र शेजारच्या जिन्याखाली. रोज सकाळी दुधाच्या निमित्ताने ती पाण्याच्या टाकीपर्यंत चढायची आणि येताना ब्रेकला हातही न लावता उतारावरून सुसाट सुटायची. त्या वाऱ्यात गुडघेदुखी आठवायची नाही, नवऱ्याचा पायही नाही. घर दिसलं की त्या विसरण्याचीच लाज वाटायची.

आज तिने चहा पुढे केला, तर ते तिच्या पायांकडे बघत म्हणाले, "उजव्या पायाची सलवार दुमडत जा. चेनचा काळा डाग पडलाय."

चहा बशीत सांडला.

"टाकीच्या उताराने येतेस?"

"हो, पण हळू," ती घाईघाईने खोटं बोलली. "ब्रेक दाबूनच धरते."

त्यांचा चेहरा पडला.

"अगं, त्या उताराला कुणी ब्रेक लावतं होय!"