तीनदा वाजलेलं डफडं

“कोतवाल, तू डफडं वाजवलंस का?” चौकशीला आलेल्या साहेबांनी विचारलं.

कोतवाल कवडू मान खाली घालून उभा होता. शाळेच्या वर्गात भर दुपारी चौकशी चालली होती. टेबलावर ठाणेदारांचा अहवाल होता आणि साहेबांनी तो आत्ताच वाचून दाखवला होता. सरकारी विहिरीवर बायांचा जमाव चालून आला. कोतवालानं डफडं वाजवून तीन वेळा पांगायचा इशारा दिला. जमाव हटेना, म्हणून नाइलाजानं लाठी चालवावी लागली. ठाणेदार भिंतीपाशी खुर्चीत पाय पसरून बसले होते. अहवाल त्यांनीच लिहिला असल्यामुळे त्यांना तो फार पटलेला दिसत होता.

जमाव कसला आणि चालून येणं कसलं! वस्तीतल्या चाळीस बाया रिकाम्या घागरी घेऊन विहिरीभोवती बसल्या होत्या. विहीर सरकारनं खोदलेली, पाणी सगळ्या गावाचं, असं तहसीलदारांचं पत्रच होतं. पाटलांनी ते पत्र फडताळात टाकलं आणि ठाण्यावर माणूस धाडला. शिपाई आले ते थेट बायांवर तुटून पडले. म्हाताऱ्या अनुसयाबाईचा खुबा मोडला. कवडूच्या बायकोचा, भागीरथाचा, हात मोडला. बसलेल्या बाईला मारायचं तर वाकावं लागतं, आणि शिपाई वाकून वाकून मारत होते. कवडूनं हे डोळ्यांनी पाहिलं होतं. त्या दिवसापासून त्याला भाकर गोड लागत नव्हती.

साहेबांनी आडपडदा ठेवला नाही. इशारा दिला असेल तर लाठी कायद्यात बसते, नसेल तर ठाणेदारांवर खटला. सगळं कोतवालाच्या एका शब्दावर येऊन थांबलं होतं.

आणि तोच शब्द बोलायला कवडू धजत नव्हता. डफडं गावात होतंच कुठे? गेल्या दसऱ्याला नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन तो परतला, आणि अंगावरचे पांढरे कपडे उतरवायच्या आधी त्यानं ते बोर नदीच्या डोहात बुडवलं. बाप आणि आजा ते गळ्यात अडकवून दुसऱ्यांच्या वरातीपुढं चालत आले होते. आपण चालायचं नाही, असं त्यानं ठरवलं. तेव्हापासून दवंडी द्यायची ती नुसत्या खड्या आवाजात. पण डफडं सरकारी सामान. ते बुडवलं असं साहेबांपुढं कबूल करायचं म्हणजे आपल्या हातानं कोतवालीवर पाणी सोडायचं, आणि घरात खाणारी पाच तोंडं. ठाणेदार नुकतेच बदलून आलेले. कोतवाल आहे म्हणजे डफडं असणारच, असं धरून त्यांनी बिनघोर लिहून टाकलं होतं.

काय करू, असं त्यानं सकाळी भागीरथाला विचारलं होतं. गळ्यात बांधलेला हात सावरत ती चुलीपुढं बसली होती.

“डफडं बुडवलं तवा मले इचारलं होतं काय?” ती म्हणाली. “मंग आता काऊन इचारून राह्यले?”

कवडूनं मान वर केली.

“साहेब, डफडं म्या दसऱ्यालेच नदीत बुडवलं. त्या दिवशी वाजवलं नाई, अन् कोनं वाजवाले सांगतलंबी नाई.”

ठाणेदार खुर्चीतून उसळले. बायकोसाठी हा धडधडीत खोटं बोलतो आहे, म्हणाले. पाटील विहिरीवर हजर होते, त्यांना बोलवा आणि विचारा. पाटील बाहेर कडुनिंबाखाली आपल्या साक्षीची वाट पाहत होते. आत काय झालं, याचा त्यांना पत्ता नव्हता. काय सांगायचं ते मात्र ठाणेदारांनी आदल्या दिवशीच पढवून ठेवलं होतं. पाटलांच्या शब्दापुढं कोतवालाचा शब्द आजवर कोणी धरला होता?

पाटील आत आले. साहेबांनी त्यांना बसायला सांगितलं. विहिरीचं नाव काढलं नाही, लाठीचंही नाही. तुमचा हा कोतवाल काम कसं करतो, एवढंच विचारलं.

झालं. पाटलांच्या दुखऱ्या जागेवरच बोट पडलं. माघात त्यांच्या थोरल्या मुलीचं लग्न झालं, वरात डफड्याविना निघाली आणि व्याह्यांनी चारचौघांत नाक मुरडलं. आपला कोतवाल आपलं ऐकत नाही, हे कचेरीत जाऊन सांगण्याची लाज वाटली म्हणून इतके महिने ते दात-ओठ खात गप्प बसले होते. आता साहेब आपणहून विचारत होते. ही संधी पुन्हा कुठली यायला? पढवलेलं सगळं त्यांच्या डोक्यातून पार उतरलं. कवडूवर बोट रोखून ते कडाडले.

“याले आजच्या आज हाकला, साहेब. दसऱ्यापासून यानं गावात एक खेपबी डफडं वाजवलं नाई.”

साहेबांनी जबाब लिहून घेणाऱ्या मुनशीला सांगितलं, पाटील जे बोलले ते अक्षर न् अक्षर लिहा, आणि त्याखाली खटल्याची शिफारस लिहायला जागा सोडा. ठाणेदारांचा चेहरा राखेसारखा झाला. दारात उभी असलेली भागीरथा खळखळून हसली. तिच्यामागं साक्षीला आलेल्या बायाही हसल्या, खाटेवर घालून आणलेली अनुसयाबाई तर पडल्या पडल्या हसली. कवडूचे डोळे भरून आले, पण हसू त्यालाही आवरेना.

कोतवालाची फजिती झाली म्हणून सगळे हसताहेत, असं पाटलांना वाटलं. मुनशीनं कागद पुढं केला, तेव्हा त्यांनी मिशीला पीळ दिला, दौतीत टाक बुडवला आणि ऐटीत सही ठोकली.