काट मारायचा नियम

सासऱ्यांचे डोळे मिटले आणि सुनेने लाल पेन उचललं.

आजच मिटायला नको होते. आज कादंबरीचं शेवटचं प्रकरण होतं. छापखान्यात संध्याकाळपर्यंत अंतिम फाइल पोचवायची होती, आणि पुस्तक ती स्वतःच काढत असल्यामुळे ‘थांबा’ म्हणणारं किंवा ‘चालेल’ म्हणणारं दुसरं कोणी नव्हतं. प्रकाशकांनी गोड बोलून वाटेला लावल्यावर तिने पदर खोचला होता. कागद तिने निवडला, मुखपृष्ठ तिने ठरवलं, आणि मजकुराला कात्रीही तिलाच लावायची होती.

कात्रीचा नियम लेखन कार्यशाळेतल्या सरांनी दिला होता. लिहिलेलं घरातल्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवा, प्रकरण संपेपर्यंत वाचा, आणि ऐकणाऱ्याचे डोळे जिथे मिटतील तिथे दयामाया न दाखवता काट मारा. आवडलं का, असं मात्र विचारू नका. घरची माणसं तोंडाने खोटं बोलतात, डोळ्यांनी नाही.

सुनेला हे एकदम पटलं. घरातलं माणूस म्हणजे बाबा, तिचे सासरे. नवरा ऑफिसात असायचा, आणि तसाही तो पहिल्याच पानावर जांभई देणाऱ्यांतला. बाबांचं उभं आयुष्य रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात गेलं होतं आणि आता दुपार रिकामी होती. ते खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत बसत, सून समोर स्टुलावर.

कादंबरी दोन भावांच्या बेकरीची होती. भाऊ भांडतात, कोर्टात जातात, बेकरी बंद पडते. कोर्टाच्या प्रकरणांना बाबा टक्क जागे असत. तिच्याकडे बघत, मान हलवत, मधूनच ‘हं’ म्हणत. सून हरखून गेली. त्यांना एवढं आवडतंय म्हणून तिने आणखी दोन तारखा घातल्या, एक खोटा साक्षीदारही उभा केला. पण पहाटे एकटाच पीठ मळणारा धाकटा भाऊ आला, की बाबांची हनुवटी छातीला टेकलीच. गच्चीवर चादरी वाळत घालता घालता खालच्या भट्टीच्या धुराकडे बघणारी आई आली, की मिटले डोळे. सून आवाज खाली आणून प्रकरण संपवायची, त्यांच्या अंगावर शाल टाकायची, पावलं न वाजवता आत जायची आणि काट मारायची.

पुस्तक वाळत चाललं. मुखपृष्ठ करणाऱ्या मुलीने पुस्तकाचा कणा, म्हणजे पाठीची पट्टी, पुन्हा पुन्हा बारीक केली आणि शेवटी हात टेकले. ताई, कण्यावर तुमचं नाव मावेल एवढी तरी पानं ठेवा, असं तिचं म्हणणं. नवरा म्हणाला, बाबांनी अजून चार झोपा काढल्या की कादंबरी पोस्टकार्डावर येईल. सून हसली. काट मारताना जीव तुटायचा, पण पुस्तक घट्ट होतंय याचं समाधानही होतं. गुंता काढायचा तर केस ओढले जाणारच.

आजचं प्रकरण मात्र वेगळं होतं. थोरला भाऊ कित्येक वर्षांनी बंद बेकरीचं दार उघडतो, जुनी राख उपसतो आणि एकटाच भट्टी पेटवतो. भांडण नाही, बोलणं नाही. हे दृश्य तिला सगळ्यात आधी सुचलं होतं. बाकीची कादंबरी तिने इथवर पोचायला लिहिली होती. ते गेलं तर पुस्तक कोर्टाच्या निकालावर संपणार होतं. आणि बाबांची हनुवटी सुरुवातीलाच खाली आली होती.

नियम म्हणजे नियम. वाचता वाचता तिने पानाच्या कडेला लाल रेघ ओढायला घेतली. पण थोरला काडी ओढतो त्या वाक्यावर रेघ ओढायला ती धजेना आणि वाचनही तिथेच थांबलं.

“थांबलीस का?” डोळे न उघडता बाबा म्हणाले. “पेटली का भट्टी?”

सुनेच्या हातातलं पेन तसंच राहिलं. पेटली, असं ती कसंबसं म्हणाली.

“मग आईला कळलं असणार.” बाबांच्या मिटलेल्या पापण्यांखालून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायचंही त्यांच्या ध्यानात नव्हतं. “ती गच्चीवर असेल ना? धूर दिसेल तिला.”

गच्चीवरची आई सुनेने केव्हाच कापून टाकली होती. बाबांसाठी मात्र ती अजून तिथेच चादरी वाळत घालत उभी होती. हसावं की रडावं ते सुनेला कळेना. एवढा आनंद तिला कादंबरी लिहून संपली त्या दिवशीही झाला नव्हता. कापलेली सगळी पानं टेबलाच्या खणात जपून ठेवली होती, म्हणजे काही बिघडलं नव्हतं. फाइलला उशीर होईल असं छापखान्यात कळवायचं, मुखपृष्ठवाल्या मुलीला कणा पुन्हा जाड करायला सांगायचं आणि तिची बोलणी खायची, एवढंच.

पण एक गोष्ट विचारल्याशिवाय तिला राहवेना. मग कोर्टाच्या प्रकरणांना बाबा एवढे डोळे उघडे ठेवून का बसायचे?

बाबांनी आता डोळे उघडले. जरा ओशाळले.

“अगं, तिथे मिटले असते तर खरंच झोप लागली असती.”