भिंतीलगतच्या पणत्या

ऑफिसातल्या लक्ष्मीपूजनात मी पणतीखाली पॅनेलचा तुकडा ठेवला. सोळा मजली इमारतीच्या बाहेरच्या भिंतींना मी हेच पॅनेल निवडलं होतं. पणती कलंडली, तुकड्याची कड पेटली आणि जळतं प्लास्टिक फरशीवर टपटपू लागलं.

चाचणीच्या अहवालात ते न पेटणारं होतं. अहवाल वाचून मीच सही केली. साइटवर आलेला माल मात्र कधी पेटवून पाहिला नाही. हा तुकडा त्याच मालातला.

अग्निशमन दलाला फोन लावत मी त्या इमारतीत धावले. पहिल्या मजल्यावर दार उघडणारी बाई ओळखीचं हसली. "आमच्या भिंती तुम्हीच केल्यात ना? या, फराळ करून जा."

मी तशीच आत घुसले आणि बाल्कनीत भिंतीलगत मांडलेल्या पणत्या फुंकू लागले.

"अहो, आजच्या दिवशी दिवा फुंकतात का?" तिने माझा हात धरला.

"ही भिंत पेटते," मी म्हणाले. "सगळ्यांना खाली उतरवा."

तिने हात सोडला. मी कठड्यावरून बाहेर वाकून वर पाहिलं. पंधरा मजले पणत्यांनी उजळले होते. खाली आवारात कुणीतरी बाटलीत रॉकेट उभं करत होतं.