जोड

रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरला होता. आता फक्त बैलाचा होकार बाकी होता. गिऱ्हाइकानं बैलाच्या नाकापुढे हात धरला आणि गळ्यातल्या पट्ट्यावरचा दिवा तांबडा झाला. बैलाचा नकार, म्हणजे नव्या कायद्यानं सौदा मोडला. सकाळपासून हेच चाललं होतं.

“मला सोडून जायचं नाही त्याला,” मालक सुबराव लवटे कौतुकानं म्हणाले.

“मग तुमचाच हात धरून बघा की,” दलाल म्हणाला.

सुबरावांनी हसत हात पुढे केला. दिवा तांबडाच राहिला.

आता बाजाराला कुतूहल लागलं. चहावाल्यानं हात धरून पाहिला, दलालानंही पाहिला. शेवटी बैल घ्यायला आलेल्या तानूबाई मेटकरींनी हात धरला. बैलानं तो हुंगला, चाटला, आणि दिवा हिरवा झाला.

“हाताला कसला वास आहे तुमच्या?” सुबरावांनी विचारलं.

“आमच्या बैलाचा असंल. सकाळी वैरण घालून आले. गेल्या साली इथूनच एका व्यापाऱ्याकडनं नेलाय, एका शिंगाचा.”

तो या बैलाचाच जोडीदार. ती जोड सुबरावांनीच फोडली होती.

दलालानं पुन्हा रुमाल धरला. सुबरावांनी आत हात घातला, पण कुठलं बोट दाबावं ते त्यांना कळेना.