समुद्रासमोरचं घर

"ही गुलमोहराची फांदी तोडली तर चालेल का हो?" गार्थ टिलब्रूकनं विचारलं.

नोलीन गोंधळली. आठवडाभरासाठी किनाऱ्यावरचं घर भाड्यानं घेणारे लोक जास्तीचे टॉवेल मागतात, वायफाय चालत नाही म्हणून फोन करतात. फाटकावर ओणवलेली फांदी आजवर कुणाला खुपली नव्हती.

"डोक्याला लागते का तुमच्या?"

"डोक्याला नाही," गार्थ म्हणाला आणि मान वर करून फांदीकडे, मग रस्त्याच्या टोकाकडे बघत राहिला.

"तोडा की. खुशाल तोडा."

नाही म्हणायची तिची छाती नव्हती. नवरा गेल्यापासून नोलीनचं सगळं या घराच्या भाड्यावर चाललं होतं. ती स्वतः आतल्या गावात दोन खोल्यांत राहायची. त्यात गावच्या कौन्सिलकडे घराविरुद्ध दोन निनावी तक्रारी गेल्या होत्या. तिसरी गेली की घर भाड्यानं द्यायचा परवाना रद्द होणार होता.

समोरच्या घरात डेस राहायचा. क्वीन्सलंडच्या या किनाऱ्यावर त्यानं उभा जन्म काढला होता आणि त्याचा एकच विनोद होता. दर नाताळला बियरचा डबा उंचावून तो म्हणायचा, "नोलीन, तुझं घर जरा बाजूला सरकव गं! मलाही समुद्र दिसू दे." नोलीनही दर नाताळला हसायची. डेसच्या व्हरांड्यातली खुर्ची मात्र मागच्या अंगणाकडे तोंड करून असायची. तिथून त्याच्या कोंबड्या दिसत.

नोलीननं रस्ता ओलांडून त्याला फांदीची हकीगत सांगितली.

"अगं वेडे, तो कौन्सिलचा माणूस आहे," डेस म्हणाला. "हल्ली असेच येतात. पाहुणे बनून."

"काहीतरीच! सुट्टीला आलाय तो. दोन चुलतभाऊ आहेत बरोबर."

"पोहलेत एकदा तरी? त्या भावांचे पाय बघ. भर जानेवारीच्या उन्हाळ्यात, वाळूवर, बूट!"

नोलीननं पाहिलं. पायांत खरंच बूट होते, आणि त्यांची टोकं लोखंडी होती.

त्यानंतर तिला सगळंच वेगळं दिसायला लागलं. गार्थ विजेरी घेऊन घराखाली शिरला. लाकडी खांबांवर उभ्या त्या घराखाली कोळी-झुरळांशिवाय कुणी जात नसे. बाहेर आला तेव्हा केसांत जाळी होती आणि चेहऱ्यावर हसू.

"वाळवी नाही," तो म्हणाला.

"नाही ना? बरं झालं!" नोलीन उगाचच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी त्यानं विजेचा मेन स्विच कुठे आहे ते विचारलं. मग पाण्याचा कॉक. मग म्हणाला, पुढच्या पायऱ्या डुगडुगतात, काढून ठेवतो.

"काढा," नोलीन म्हणाली. "बसवाल ना परत?"

"व्यवस्थित बसवणार."

तिला बरं वाटलं. दर पाहुण्याला दाखवायची तशी तिनं त्यालाही दिवाणखान्याच्या छतावरची पट्टी दाखवली. हे घर आजोबांनी उसाच्या मुलखातून मधोमध कापून ट्रकवर आणलं होतं आणि पट्टीखाली तो सांधा होता. ही गोष्ट ऐकताना पाहुणे जांभया देत. गार्थ खुर्चीवर चढला आणि त्यानं पट्टीवरून बोट फिरवलं.

"खिळे की स्क्रू?"

"खिळेच असतील. आजोबांना स्क्रूचा कंटाळा."

"भला माणूस," गार्थ म्हणाला. भाऊ खाली मान घालून खोकले.

"डेस, मला काही कळेनासं झालंय," संध्याकाळी ती म्हणाली. "तपासायला आला असेल तर पायऱ्या कशाला दुरुस्त करेल?"

"तीच तर परीक्षा! तू अडवतेस का ते बघतोय तो. तू आपली हो म्हणत राहा. आणि सारखी डोकावू नकोस बाई. मालकीण दारात घुटमळली की यांना वाटतं, काहीतरी लपवतेय. सरळ रविवारी ये, चावी घे."

"तू लक्ष ठेवशील?"

"त्या घरावरून माझं लक्ष कधी हटलंय का?"

नोलीनला भरून आलं. शेजारी असावा तर असा.

रविवारी सकाळी ती निघायच्या आधीच फोनवर गार्थचा अभिप्राय आला. पाचपैकी पाच तारे! 'घर मजबूत. सांधे घट्ट. मालकीणबाईंनी कशालाही हरकत घेतली नाही.' तिनं तो तीनदा वाचला आणि डेससाठी लॅमिंग्टन केकचा डबा घेतला.

वाटेत समोरून अर्धं घर आलं. इकडे लाकडी घरं गाव बदलतात, त्यात नवल काही नाही. निळ्या ताडपत्रीत गुंडाळलेलं, पुढेमागे पिवळे दिवे लावलेल्या गाड्या. शिरस्त्याप्रमाणे नोलीननं गाडी कडेला घेतली आणि हात हलवला. मागून दुसरं अर्धं आलं. तिनं त्यालाही हात हलवला. त्या ट्रकवाल्यानं तर टोपी काढली. नोलीनचं मन अजून त्या पाच ताऱ्यांत होतं.

गल्लीत वळल्यावर गल्ली चुकली असं वाटून ती पुढे निघून गेली. मग गाडी वळवून परत आली.

फाटक होतं. टपालपेटी होती. फाटकाच्या खांबावर चावीची डबी होती आणि डबीत चावी नीट लटकत होती. 'जाताना झाडून जावे' ही सूचना पाहुण्यांनी पाळली होती. कापलेल्या बुटक्या खांबांच्या रांगांमधून खराट्याचे फराटे थेट वाळूपर्यंत गेले होते.

समोरच्या व्हरांड्यात डेसनं खुर्ची फिरवून ठेवली होती.

"ये गं, नोलीन, बस!" तो बियरचा डबा उंचावत म्हणाला. "इथून भरती काय झकास दिसते!"