खुडुक कोंबडीखालची अंडी

टळटळीत उन्हात बेकरीवाला अंड्यांचा ट्रे घेऊन आमच्या दुकानात परत आला.

"मावशी, केकसाठी अंडं फोडलं, तर आत पिल्लू! उद्यापासून दुसरीकडून घेतो."

सासूबाईंनी ट्रे पाहिला. मग बाळाला कडेवर घेऊन उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं.

"माझंच चुकलं रे बाबा. ऊन चढायच्या आत अंडी गोळा करायची घाई. खुडुक कोंबडीखाली उबवायला ठेवलेलीसुद्धा उचलली. डोळे गेले माझे."

बेकरीवाला वरमला. "चाळीस वर्षांत पहिल्यांदाच चुकलात, मावशी. जाऊ द्या. उद्या नेहमीचे दोन ट्रे ठेवा."

तो गेल्यावर त्यांनी बाळाला माझ्याकडून घेतलं. "जा, दोन घास खाऊन घे. आणि चोच मारणाऱ्या कोंबडीखाली पुन्हा हात घालू नकोस हो."

चाळीस वर्षांतली त्यांची पहिली चूक मी केली होती.