दसऱ्याचं विमान

छोट्या विमानाच्या नाकावर झेंडूची माळ पाहिली आणि सबनीसांच्या पोटात दुखू लागलं. गेल्या दसऱ्याला ती त्यांनी स्वतः घातली होती. मग डॉक्टरांनी डोळ्यांच्या तपासणीत नापास केलं, परवाना गेला आणि विमान फ्लाइंग क्लबमधल्या मृण्मयीला विकावं लागलं. आपली नजर चांगली आहे, डॉक्टरच गाढव आहे, असं ते भेटेल त्याला सांगायचे.

मृण्मयीने विमानाला नवा रंग दिला होता, जुने गोल मीटर काढून रुंद स्क्रीन बसवली होती. "काका, आता कसं दिसतंय? आधी अगदीच डबडं होतं ना," ती म्हणाली.

तिची आई भक्तिभावाने हळदीकुंकू लावत होती. चाकांना लावलं, दाराला लावलं, पंखाखालच्या बारीक नळीच्या तोंडालाही लावलं. त्या नळीत वारा शिरतो म्हणून वैमानिकाला वेग कळतो. ती बुजली तर हवेत वेग खोटा दिसतो. सबनीसांनी सांगायला तोंड उघडलं. मग त्यांना ते 'डबडं' आठवलं आणि त्यांनी तोंड मिटलं.

उड्डाणाआधी मृण्मयी विमानाभोवती फिरली, प्रत्येक बिजागरी हाताने चाचपत, थेट त्यांच्यासारखी. नळीपाशी थबकून तिने ओढणीने कुंकू पुसलं.

"काका, तुम्ही तर समोरच उभे होतात. दिसलं नाही?"

तिच्या ओढणीला लागलेला कुंकवाचा एवढासा ठिपका त्यांना तिथूनही लख्ख दिसत होता.

"नाही गं," सबनीस म्हणाले. "डॉक्टरांचंच बरोबर होतं."